तरवड, पोटखराबा आणि आम्ही

आमच्याकडे नवरात्रात घटाला रोज एक माळ चढते. पहिली विड्याच्या पानांची, मग जी फुलं मिळतील त्यांची. कारळ्याची, झेंडूची, शेवंतीची, गोकर्णीची. पण नऊ दिवसांत एक तरी माळ तरवडाची हवीच, हा आजीचा दंडक. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, दंडक मात्र आईने जसाच्या तसा चालू ठेवलाय. (आमच्या घरात माणसं जातात, दंडक जात नाहीत. असो.)

गेल्या नवरात्रात गावी गेलो होतो. आमचं गाव शिरूर तालुक्यात, आजोळ दौंड तालुक्यात. मध्ये भीमा. सकाळी आईने हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "जा, तरवडाची फुलं घेऊन ये, पटकन जाऊन ये." माझ्या लहानपणी हे खरंच पटकन व्हायचं. घराच्या मागे ओढा, ओढ्यापलीकडे माळ, आणि माळावर जिकडे बघावं तिकडे पिवळं. चहा उकळेपर्यंत पिशवी भरून परत. यंदा मी बाईक काढून पाऊण तास फिरलो. ओढ्याच्या पलीकडे ऊस. ऊस संपला की तारेचं कुंपण आणि 'प्लॉट विकणे आहे'. त्याच्यापुढे मुरूम काढून झालेला खड्डा, त्यात पाणी आणि एक म्हैस. तरवड सापडला तो शेवटी आमच्याच वावराच्या टोकाला, टेकडीच्या उतारावर, जिथे आमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' लिहिलंय तिथे.

फुलं तोडत होतो तेवढ्यात चुलतभाऊ आला. वयाने मोठा, म्हणून दादा. शेती तोच बघतो.

"घे, भरून घे पिशवी," तो म्हणाला. "दिवाळी झाली की जेसीबी लावायचाय हितं. मुरूम जाईल रस्त्याच्या कामाला, अन् खाली सपाट झालं की गाळाची माती टाकून ऊस. सामाईक सातबारा हाय, तुझी सही लागंल."

मी म्हटलं, "दादा, आणि तरवड?"

"आरं, तरवडाला काय धाड भरलीय? कुठंबी उगवतंय त्ये."

हे वाक्य डोक्यात घेऊन पुण्याला आलो आणि त्याच्या मागे लागलो. दादा म्हणतो ते खरं आहे का? तरवड खरंच 'कुठंबी' उगवतो का? आणि उगवत असेल तर मला पाऊण तास का लागला?

ज्यांनी तरवड पाहिला नाही अशा कोकणातल्या आणि सातासमुद्रापलीकडच्या मित्रांसाठी थोडी ओळख. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं झुडूप. पानं चिंचेसारखी जोडीजोडीने, पण मोठी. फुलं भडक पिवळी, झुबक्यांनी. शेंगा चपट्या, कागदासारख्या, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. पानाच्या देठापाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल पानं असतात. त्यावरूनच लिनियसने १७५३ साली याच्या लॅटिन नावात 'कानवाला' अशा अर्थाचा शब्द घातला. आयुर्वेदात हा 'आवर्तकी'. आमच्याकडे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, जमीन म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. अशा ठिकाणी हा आनंदात वाढतो. यवतहून भुलेश्वराच्या डोंगराला जाताना दोन्ही बाजूंना दिसायचा तो हाच. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चराईच्या माळावर बाकी सगळं खाल्लं गेलं तरी तरवड शिल्लक राहतो. फुलात मध नसतो, नुसते परागकण. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला लटकतो, घुंऽऽ करून पराग झाडून घेतो आणि जातो. लहानपणी आम्हाला वाटायचं तो फुलाला रागावतोय.

तर शोधायला सुरुवात केली ती धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या याद्यांपासून. आययूसीएन नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून 'रेड लिस्ट' काढते. त्यात एका टोकाला नामशेष, दुसऱ्या टोकाला 'फारशी चिंता नाही'. तरवडासारखं झुडूप धोक्याच्या बाजूला असणं शक्यच नाही. राजस्थान-गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत आणि पुढे श्रीलंकेतसुद्धा तो आहे. तेलंगणात तर तो राज्यफूल आहे, तिथे त्याला 'तंगेडू' म्हणतात आणि बतुकम्माच्या फुलांच्या रचनेत त्याचा मान पहिला. मग आपले कायदे बघितले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला वनस्पतींची यादी नंतर जोडली गेली, तिच्यात घटपर्णी, काही ऑर्किड अशी मोजकी दुर्मिळ मंडळी. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, हिरडा. तरवड वृक्षच नाही, तर तो तिथे कशाला असेल?

म्हणजे दादा बरोबर. काळजीचं काही कारण नाही.

पण त्या रेड लिस्टचे नियम वाचताना एका ठिकाणी अडकलो. एखादी जात धोक्यात आहे असं म्हणायचे काही निकष आहेत. त्यातला एक असा की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे जास्त असेल तेवढ्या काळात, तिची संख्या किमान ३० टक्क्यांनी घटलेली असावी. ठीक. पण ३० टक्के घटलं हे कळायला, आधी पूर्ण किती होतं हे कुणीतरी मोजलेलं पाहिजे ना? वाघ मोजतात, माळढोक मोजतात. तरवड कोण मोजणार? जे दुर्मिळ असतं त्याची नोंद होते. जे सगळीकडे असतं त्याची नोंद 'सगळीकडे आहे' एवढीच. आणि मग ते कमी झालं तरी कागदावर ते 'सगळीकडे' तसंच राहतं.

मग मी उलटं करायचं ठरवलं. तरवडाची मोजणी नाही, तर ज्या जमिनीवर तो उगवतो तिची तरी असेल. तिची मात्र आहे. आणि ती मोजणी आमच्याच भागात सुरू झाली, हे मला ठाऊक नव्हतं.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना पहिली घाई सारा ठरवायची. प्रिंगल नावाच्या साहेबाने पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाच्या शेवटी पहिली मोजणी केली. आकारणी इतकी जड झाली की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ मध्ये इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. आमच्या दौंडचं आणि बारामतीचं तेव्हाचं नाव भीमथडी. इंदापुरात बसलेली ही पद्धत पुढे भीमथडीत, शिरुरात आणि नंतर साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. मातीची खोली, रंग, पोत बघून जमिनीचे वर्ग पाडायचे. उत्तम जमीन सोळा आणे, मग त्याखाली उतरत जायचं. आणि ज्या तुकड्यात काही पिकतच नाही, म्हणजे खडक, ओढा, उतार, तो वजा करायचा. तोच पोटखराबा. शेताच्या पोटातला खराब भाग.

आजही सातबाऱ्यावर हा रकाना आहे. 'अ' वर्ग म्हणजे शेतीला अयोग्य, 'ब' वर्ग म्हणजे रस्ता, कालवा, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी गेलेली. आमची टेकडी 'अ' वर्ग. मी किती वेळा तो उतारा काढला असेन, पण हा शब्द असा नीट कधी वाचला नव्हता. 'खराब' कुणाच्या दृष्टीने? सारा गोळा करणाऱ्याच्या. तरवडाच्या दृष्टीने तीच सोळा आणे जमीन.

मजा अशी की त्याच सुमारास एक दुसरा इंग्रज याच मुलखात फिरत होता आणि त्याला वेगळंच दिसत होतं. कर्नल साईक्स. १८२४ ते १८३१ या काळात तो दख्खनची सरकारी आकडेवारी गोळा करायच्या कामावर होता. त्याने माणसं मोजली, पिकं मोजली, आणि त्याबरोबर पक्षी, मासे आणि जनावरंही नोंदवली. आपल्या माळावरच्या लांडग्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचंच, १८३१ चं. म्हणजे एका साहेबाच्या वहीत जिथे लांडगा आहे, तिथेच पाच-सात वर्षांनी दुसऱ्या साहेबांच्या वहीत 'वजा' आहे. पुढे टिकली ती दुसरी वही, कारण पैसे तिच्यावर अवलंबून होते.

आता कुणी म्हणेल की नाव काही का असेना, जमीन तर तिथेच होती. होती. पण ती कुणाची, हे बदललं. गावाची गायरानं, कुरणं, डोंगर ही सगळ्यांची वहिवाट असायची. १८७८ चा जंगल कायदा आला आणि त्यातली बरीच जमीन राखीव झाली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला १८८३ च्या सुमारास. त्यात जंगलखात्याने गायरानं घशात घातल्याची तक्रार आहे. त्याआधी, १८७५ च्या मे महिन्यात, भीमथडीतल्याच सुप्यात सावकारांच्या वह्या जळल्या. १८७६ ते ७८ चा दुष्काळ लगेच मागे आला. दौंड-मनमाड रेल्वे ही त्या दुष्काळी कामातूनच झालेली, १८७८ मध्ये सुरू झाली. आजोळी जाताना दौंड स्टेशनवर मी शेकडो वेळा भजी खाल्ली आहेत. त्या रुळांखालची खडी उपाशी माणसांनी फोडली हे मला चाळिशीनंतर कळलं.

या सगळ्यात तरवड कुठे? तो पखालीत आणि मोटेत.

हे आजोबांकडून ऐकलेलं. विहिरीवर इंजिन यायच्या आधी मोट होती, आणि मोट म्हणजे चामडं. बैल उताराला लागले की चामड्याची ती मोठी थैली पाणी घेऊन वर यायची. चामडं कमवायला टॅनिन लागतं, आणि तरवडाच्या सालीत ते साधारण १५ ते २० टक्के असतं. बाभळीची साल, हिरडा आणि तरवड, हे आपल्याकडचे कातडी कमावण्याचे जुने पदार्थ. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात कुटलेली साल आणि पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. पाणी हळूहळू झिरपतं, खाली भांड्यात जमलेलं पुन्हा वर ओतायचं. असं बरेच दिवस. हे काम ढोर-कक्कय्या समाजाच्या माणसांचं. गावाची सगळी बागायत या कामावर उभी होती आणि ते काम करणाऱ्यांचं घर मात्र गावाबाहेर.

आजी तरवडाची माळ करताना आंघोळ करून, सोवळ्यात करायची. त्याच झुडपाची साल घेऊन कुणी दारावरून गेलं तर ती घरात वळायची. हे मी पाहिलेलं नाही, आईने सांगितलं, आणि सांगताना तिलाही बरं वाटलं नाही. फूल देव्हाऱ्यात आणि साल गावकुसाबाहेर. तरवडाच्या इतिहासात हेही लिहायलाच हवं, नाहीतर मी नुसती पिवळी फुलं दाखवून मोकळा झालो असं होईल.

तरवड तेव्हा भरपूर तोडला जायचा. साल काढायची तर फांद्या छाटाव्याच लागतात. दक्षिणेत, मद्रास इलाख्यात, तर त्यावर मोठे कारखाने चालत. तिकडे त्याला 'आवारम' म्हणतात. त्या सालीवर कमावलेलं कातडं 'ईस्ट इंडिया किप' म्हणून विलायतेला जायचं, आणि पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बुटांसाठी त्याची खरेदी सरकारने आपल्या ताब्यात घेतली होती. मागणी एवढी आणि साल अपुरी, म्हणून दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल यायला लागली. वॅटल मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तोवर क्रोमने कातडं कमावायची पद्धतही आली होती. तरवडाची साल मागे पडत गेली. आपल्याकडे ऑइल इंजिन आलं, मोट गेली, आणि तरवड कुणाच्याच कामाचा राहिला नाही. दातवण, थोडं गावठी औषध आणि घटाची माळ, एवढंच.

मला आधी वाटलं की चला, निदान तोडायचा थांबला, म्हणजे वाढला असेल. झालं उलटं. ज्याची साल हवी असते ते झुडूप लोक छाटतात, पण मुळं राखतात, कारण पुढच्या वर्षी पुन्हा साल हवी असते. ज्याचा उपयोगच नाही ते मुळासकट जातं.

आणि इथे मला माझंच एक काम सांगायचं आहे.

१९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. सामाजिक वनीकरणाचे ते दिवस. पडीक जमीन हिरवी करायची अशी देशभर हवा होती आणि हेतू चांगलाच होता. पंधरा ऑगस्टला शाळेने आम्हाला माळावर नेलं. मी सातवीत. प्रत्येकाला एक खड्डा आणि एक रोप. रोप कसलं, तर उंदीरमारीचं, म्हणजे गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, झटपट वाढतं, जनावरं फारसं खात नाहीत. खड्डे घ्यायला जागा हवी म्हणून आधी माळ 'साफ' करायचा होता. माझ्या वाट्याला आलेल्या जागेत तरवडाची तीन झुडपं होती. तरवड ओढून निघत नाही. मुळं मुरुमात खोल गेलेली असतात. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी टिकाव घालून ती काढली, हाताला फोड आले. मला त्या कामाबद्दल शाबासकी मिळाली होती आणि घरी आल्यावर मी ती अभिमानाने सांगितलीही होती. आजी फक्त म्हणाली, "अरे, उपटलास कशाला? तो काय खायला मागत होता?"

त्या पंधरा ऑगस्टची उंदीरमारी आजही तिथे आहे. दाट झाली आहे, तिच्याखाली गवत येत नाही. पुण्यातल्या टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. बाकीच्या जागेत वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत. गाजरगवताची आपल्याकडची पहिली ठळक नोंद तर १९५० च्या दशकातली, पुण्याचीच. लांबून बघितलं तर सगळं हिरवं. उपग्रहातून बघितलं तरी हिरवंच.

२००० साली देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला, उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला. पुढे त्याच्या नव्या आवृत्त्याही आल्या. त्यात 'झुडपी जमीन' हा पडीक जमिनीचाच एक प्रकार आहे. १८३६ चा 'खराब' तब्बल १६४ वर्षांनी उपग्रहावर जाऊन बसला. शब्द बदलला नाही, फक्त उंची वाढली.

खराब म्हटलं की सुधारायला हवं. ही सुधारणा आमच्या दोन तालुक्यांत कशी झाली ते नातेवाईकांना सांगायला नको, सगळ्यांनी पाहिलीय. खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला. शिरूरला घोड, कुकडी, चासकमान या प्रकल्पांचं पाणी आलं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला, साखर कारखाने आले. रांजणगावला आणि कुरकुंभला एमआयडीसी आली. माझ्या वडिलांची पिढी दुष्काळात खडी फोडायला गेली होती, १९७२ ला. माझे चुलते सुकडी खाऊन दिवस काढल्याचं सांगायचे. त्यांच्या मुलांच्या दारात आज ट्रॅक्टर आहे. हे वाईट झालं असं म्हणायची माझी अजिबात हिंमत नाही आणि तसं वाटतही नाही.

पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. दरवेळी जे गेलं ते त्याच रकान्यातलं. कालव्याला जागा हवी, घ्या माळ. कारखाना, घ्या माळ. प्लॉटिंग, मुरूम, आता सौरऊर्जेचे पत्रे, घ्या माळ. सोळा आणे जमिनीला भाव असतो, मोबदला असतो, आंदोलन असतं. पोटखराब्यासाठी कोण रडणार?

तरवड एकटा नसतो तिथे. त्याच्या पानांवर पिवळसर पांढरी फुलपाखरं अंडी घालतात. त्याच्या बुडाशी तितर बसतो. गवत, बोर, हिवर, तरवड अशा माळावर चिंकारा असतो, खोकड असतं, आणि साईक्सचा तो लांडगा असतो. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत सकाळी फिरायला निघालेला माणूस नाश्त्याच्या आत घरी परततो. लांडगा एका रात्रीत त्याहून कितीतरी जास्त फिरतो. तो फिरतो कुठे? तुमच्या-आमच्या पोटखराब्यातून. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात लांडगा आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण ज्या झुडपाच्या सावलीत त्याची पिल्लं दुपार काढतात, ते झुडूप कुठल्याच यादीत नाही, आणि ती जमीन 'वजा' आहे.

म्हणून मला आता असं वाटतं की दादाचं वाक्य अर्धं खरं आहे. तरवड कुठंही उगवतो, खरंय. फक्त ते 'कुठंही' संपत चाललंय. तरवड नामशेष होणार नाही. तो तेलंगणात असेल, तमिळनाडूत असेल, रस्त्याच्या कडेला चार असतील. रेड लिस्टवाल्यांना काळजी करायची गरज नाही आणि ते बरोबरच आहेत. पण एखादी गोष्ट जगातून नाहीशी होण्याच्या कितीतरी आधी ती आपल्या गावातून नाहीशी होते, आणि त्याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही. ती नोंद होते फक्त पाऊण तास हिंडून आलेल्या माणसाच्या पिशवीत.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सगळं दादाला सांगितलं. सातबारा, विंगेट, लांडगा, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझा पुण्यातला फ्लॅट टेकडीला लागून हाय ना? त्यो बांधताना कुणी तरवड इचारला व्हता का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "माझं पोरगं शिकतंय. वरच्या टेकडीतनं वर्षाला एक रुपाया येत नाय. तू म्हणतोस राहू दे. राहू देऊ, पण माझ्या एकट्याच्या खर्चानं का?" आणि हे मला पटलं. तरवडाची माळ घरातल्या सगळ्यांना हवी, पण तो ज्या जमिनीवर उगवतो तिचा तोटा एकट्या दादाने सोसायचा, हा कुठला न्याय?

मग बराच वेळ बोललो. आई मध्ये एकदाच बोलली, "वरचा तुकडा ठेवा, खालचं बघा काय ते." शेवटी ठरलं ते असं. खालचा, वावराला लागून असलेला भाग दादा सपाट करणार, त्यावर माझी सही. वरचा उतार, साधारण चौदा गुंठे, तसाच ठेवायचा. त्याचं जे काही उत्पन्न बुडेल असं दादाला वाटतं, त्यातला माझा वाटा मी त्याला दरवर्षी द्यायचा. कागदावर काही नाही, तोंडी. दादाच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटतो आणि त्यांनी तो तसा बोलूनही दाखवला. "झुडपाला भाडं देताय व्हय भाऊजी?" त्या म्हणाल्या. आता घरात या व्यवहाराचं नावच 'तरवडाचं भाडं' पडलंय.

चौदा गुंठ्यांनी लांडगा वाचत नाही, हे मला कळतं. उद्या दादाचा मुलगा आणि माझी मुलगी काय ठरवतील तेही सांगता येत नाही. पण परत निघायच्या आधी मी एक काम केलं. वहीची चार पानं घेऊन वर गेलो आणि त्या चौदा गुंठ्यांतली झुडपं मोजली. एकोणनव्वद. दोनदा मोजली, दुसऱ्यांदा त्र्याण्णव भरली, म्हणून लिहिताना 'नव्वदच्या आसपास' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली. पान सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलंय.

तुमच्यापैकी कुणाच्या गावात पोटखराबा शिल्लक असेल, तर तिथे काय उगवतं ते एकदा बघून या आणि मला कळवा. घरच्या मंडळींना एकच विनंती, पुढच्या नवरात्रात फुलं तोडा, पण शेंगा धरण्यापुरती थोडी झाडावर राहू द्या.